मदत हवी आहे : नव्या मैत्रिणीबरोबर अचानक ठरलेला डोंगरातला ट्रेक

नमस्कार मंडळी,

काल गप्पांत विषय निघाला आणि परवा पाठीवर सॅक टाकून निघायचं पक्कंही झालं. दोन रात्री तंबूत, सर्वांत उंच मुक्काम साधारण ३२०० मीटरवर. मैत्रीण नवी आहे. गप्पा छान जमतात, पण एकत्र कधी चाललेलो नाही. मला जायचंच आहे, त्यामुळे ‘जाऊ नका’ सोडून काहीही सांगा.

वेळेचा हिशेब नेस्मिथच्या नियमाने केलाय : दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण तो धडधाकट, सवयीच्या माणसाचा हिशेब. पाठीवर भरलेली सॅक असताना तुम्ही त्यात किती वेळ वाढवता?

खरी काळजी उंचीची आहे. २५०० मीटरच्या वर डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर आणखी चढायचं नाही, त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं, एवढं मला माहीत आहे. ती मात्र दुखणं अंगावर काढणाऱ्यातली वाटते. तिला न दुखावता हे निघण्याआधीच कसं ठरवून घेऊ?

सामान वाटून घेतोय : तंबूचं कापड माझ्याकडे, दांडे आणि स्टोव्ह तिच्याकडे. टॉर्च, नकाशा, शिट्टी आणि प्रथमोपचाराचं सामान मात्र दोघींकडे वेगवेगळं हवंच, धुक्यात चुकामूक व्हायला वेळ लागत नाही. अजून काय दोन-दोन घ्यावं? उद्या संध्याकाळी सॅक भरायची आहे, त्याआधी सांगितलंत तर फार मदत होईल.