टँकमधलं शेवाळ औषधाने जाणार नाही, आधी वरून ओतायचं पाणी बदला

केळीवाला (जळगाव)

एप्रिल लागला की दरवर्षी एकच प्रश्न येतो: मरीन (खाऱ्या पाण्याच्या माशांच्या) टँकमध्ये हिरवं केसाळ शेवाळ माजलंय, कोणतं औषध टाकू? यंदा तिघांनी विचारलं आणि तिघांनाही औषधांची नावं मिळाली. टँकमध्ये रोज वरून कोणतं पाणी ओतता, हे त्यांना कुणीच विचारलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. खान्देशात उन्हाळ्यात माजणारं शेवाळ या वरून ओतलेल्या, म्हणजे टॉप-अपच्या पाण्यातून येतं, आणि ते पाणी बदलेपर्यंत बाकीचे उपाय फुकट जातात.

माझा टँक २०० लिटरचा. दोन क्लाउनफिश, एक गोबी, सिरॅमिकचे दगड. प्रवाळ नाहीत, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहेत आणि मला त्या वाटेला जायचं नाही. गेल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतं. चिलर परवडत नव्हता, म्हणून पाण्यावर दोन पंखे लावले. पाणी उडतं म्हणूनच ते थंड होतं, आणि आपली हवा कोरडी. रोज पाच लिटर पाणी उडायचं. मीठ मागेच राहतं, तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालायचं, एवढं मला माहीत होतं. गोडं म्हणून मी बोअरचं घालत होतो.

कुलरची जाळी आठवा. होळीला नवी बसवतो आणि मृग लागेपर्यंत ती पांढऱ्या क्षाराने कडक होते. उडालं ते फक्त पाणी, बाकी सगळं जाळीवर राहिलं. टँकमध्येही तेच होतं, फरक एवढाच की तिथे राहिलेलं शेवाळाच्या तोंडी जातं. माझ्या बोअरचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७४०, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपास. भोवती केळीच्या बागा, ठिबकमधून युरिया जातो, त्यामुळे नवल नाही. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे, म्हणजे माणसाला ते चालून जातं. पण हिशेब मांडा: रोज ५ लिटर, महिन्याला १५० लिटर, म्हणजे ६००० मिलिग्रॅम नायट्रेट. २०० लिटरच्या टँकमध्ये महिन्याकाठी लिटरला ३० मिलिग्रॅमची भर, माशांना एक दाणाही न घालता. महिन्यातून २० टक्के पाणी बदललं तर साचलेल्याचा पाचवा हिस्सा जातो. भर त्याहून मोठी आहे.

तेव्हा दगड दिसेनासे झाले होते. चिमटीत धरून ओढलं की शेवाळ ओल्या लोकरीसारखं ताणायचं आणि बुडाशी दगडाचे कण घेऊनच सुटायचं. चार दिवसांत पुन्हा तेवढंच. मग आरओपुढे उरलेसुरले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा जोडला, टीडीएस शून्यावर आणला, टूथब्रशने घासता घासता नळीने घाण ओढून काढली, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं. सात आठवडे लागले. औषधाचा एक थेंब नाही.

धुळेकर मास्तर

भाऊ, मला हे पटत नाही. तीन वर्षं मी २० लिटरच्या जारचं पाणी टॉप-अपला वापरतो. डीआय नाही, काही नाही. काचेवर आठवड्याला हलका थर येतो, तो मॅग्नेटने पुसतो, झालं. कारण मासे दोनच आहेत आणि खाणं एक दिवसाआड, तेसुद्धा फ्रोझन असेल तर गाळणीत धुऊन. ते वितळल्यावर जे लालसर पाणी सुटतं ना, ते लोक सरळ टँकमध्ये ओततात. शेवाळाचं दुसरं खाद्य म्हणजे फॉस्फेट, ते तिथून येतं. शिवाय माणूस सकाळी घालतो, संध्याकाळी पाहुणे आले की पोरं पुन्हा चिमूटभर घालतात. तुमचा बोअरचा हिशेब बोअरपुरता खरा आहे. त्यावरून सगळ्या खान्देशाला नियम लावू नका.

आणि एक विचारतो. प्रवाळ नाहीत तर दिवे किती तास लावता?

केळीवाला (जळगाव)

मास्तर, तेव्हा बारा तास लागायचे. आता सात. माशांना त्याहून जास्त नको, हे मला उशिरा कळलं. त्या सात आठवड्यांत दिव्यांचाही वाटा होता, तो मी वर लिहायला हवा होता.

पण तुम्हीही सांगा, टँकवर झाकण आहे का? खोलीत एसी?

धुळेकर मास्तर

झाकण आहे. एसी दुपारी चालतो. दिवसाला लिटरभर उडत असेल.

केळीवाला (जळगाव)

मग तुमच्याकडे पाचवा हिस्साच आत जातो. तुमचं जारचं पाणी चांगलं ठरलं, त्यात एसीचाही हात आहे.

भुसावळ जंक्शन

दोघांचं ऐकलं, पण पहिली पायरी दोघांनीही सोडली: शेवाळ ओळखणं. मीसुद्धा तीन महिने पाणी सुधारत बसलो होतो. टीडीएस शून्य, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०३, आणि शेवाळ होतं तिथेच. शेवटी एक झुपका काढून पांढऱ्या बशीत पाण्यात पसरला. मधोमध दांडी आणि दोन्ही बाजूंना बारीक पिसं, अगदी कोंबडीच्या पिसासारखं. ते साधं हेअर अल्गी (केसाळ शेवाळ) नव्हतं, ब्रायोप्सिस होतं. त्याला गोगलगायी तोंड लावत नाहीत आणि पाणी कितीही स्वच्छ केलं तरी ते चिवटपणे राहतं. फ्लुकोनाझोल लिटरला ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने टाकलं, आधी फिल्टरमधला कार्बन काढून ठेवला, दोन आठवडे पाणी बदललं नाही. दहाव्या दिवशी पिसं पांढरट पडून गळायला लागली.

औषध म्हणजे आळशी माणसाचा मार्ग, असा सूर वरच्या पोस्टमध्ये आहे. तो मला खटकला. जिथे औषधच लागतं तिथे तेच द्यावं लागतं.

केळीवाला (जळगाव)

ब्रायोप्सिसचं मान्य, माझ्याकडे ते नव्हतं. बशीत पसरून बघायची युक्ती सगळ्यांनी करावी अशी आहे. पण फ्लुकोनाझोल हे माणसांचं बुरशीवरचं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं. ओळख न पटवता गोळ्या कुटून टाकणारे मी पाहिलेत. शिवाय मेलेलं शेवाळ पाण्यातच सडतं, सगळं नायट्रेट पुन्हा पाण्यात येतं, आणि वरून बोअरचं चालूच. महिन्याभरात दुसरं काहीतरी उगवतं. औषधानंतरही पाण्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो.

सातपुडा (नंदुरबार)

मी उलट्या बाजूने पोळलोय, म्हणून लिहितो. "शून्य करा, शून्य करा" ऐकून मी डीआय बसवलं, वर फॉस्फेट शोषणारा लोह ऑक्साइडचा रिअॅक्टर लावला, खाणं निम्मं केलं. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. हिरवं शेवाळ खरंच गेलं. तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी शेंबडासारखे धागे आले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री दिवे बंद केले की कमी दिसायचे, दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच. डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. माझ्या अकरा ट्रोकस गोगलगायी चार दिवसांत उलट्या पडल्या. एकेक उचलून बाहेर काढली, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट काहीच उरलं नाही की बाकीच्या शेवाळांची आणि जिवाणूंची उपासमार होते आणि डायनोला रान मोकळं मिळतं. मी रिअॅक्टर बंद केला, खाणं वाढवलं, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आणलं, तेव्हा कुठे तोल आला. थोडं हिरवं शेवाळ दिसलं की मला आता बरं वाटतं.

केळीवाला (जळगाव)

दादा, गोगलगायींचं वाचून वाईट वाटलं. टॉप-अपचं पाणी शून्य हवं, टँकचं नाही, हा फरक मी स्पष्ट लिहिला नाही. टँकमधलं नायट्रेट माशांच्या खाण्यातून यावं, म्हणजे ते किती येतंय यावर आपला हात राहतो. बोअरमधून आलं तर आपण किती घालतोय ते कळतच नाही. लोह ऑक्साइड मी लावलं नाही.

आणि एक सावधगिरी: दगड हिरवेगार असताना टेस्ट शून्य दाखवते, कारण पाण्यात आलेलं नायट्रेट ते शेवाळ लगेच पिऊन टाकतं. त्या शून्यावर विसंबू नका.

गिरणाकाठची

मी टँक ठेवत नाही, भाऊ ठेवतो. पण घरात पाणी मी भरते, म्हणून बोलते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही. आरओ एक लिटर चांगलं पाणी देतो तेव्हा तीनेक लिटर नळीतून वाया जातं. तुमच्याच हिशेबाने महिन्याला १५० लिटर टॉप-अप, म्हणजे ४५० लिटर मोरीत. तीन माशांसाठी. शेजारी बायका हंडा घेऊन टँकरमागे उभ्या असताना हे मला बघवत नाही. शेवाळ वाईट की चांगलं हा माझा प्रश्न नाही. मे महिन्यात एवढं पाणी उडवणारा टँक आपल्या भागात असावा का, हा आहे.

केळीवाला (जळगाव)

ताई, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वाया जाणारं पाणी मी ड्रममध्ये घेतो. त्यावर संडास, ओटा, गाडी, फरशी सगळं होतं, नळाचं पाणी त्याला लागत नाही. झाडांना घालत नाही, त्यात क्षार तिसऱ्या हिश्श्याने वाढलेले असतात. आणि पंखे काढून टँक आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवला, वर काच ठेवली. आता पाचाऐवजी दोन लिटर उडतं.

खान्देशी पोरगा

भो, पानीमाच सगळं शे, हे पटलं. पण मग पावसाचं पाणी का नाही? जुलैत गच्चीवरून ड्रम भरले तर उन्हाळ्यापर्यंत पुरतील. एसीचं पाणीही फुकट मिळतं.

भुसावळ जंक्शन

एसीचं अजिबात नको. ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं. माशांना एकवेळ चालेल, पण गोगलगाय आणि कोळंबी तांब्याने मरतात, अगदी थोड्याने. पावसाचं चालेल, पण पहिले दोन-तीन पाऊस सोडून दे आणि गच्चीवर कबुतरं बसतात का बघ. कबुतराच्या विष्ठेत फॉस्फेट भरपूर. आम्ही एका वर्षी गच्चीचं पाणी साठवलं होतं, टीडीएस अवघा १८ आणि फॉस्फेट मात्र टेस्टच्या शेवटच्या रंगापर्यंत. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, त्यात काय आहे ते सांगत नाही.

गिरणाकाठची

पावसाचं पाणी साठवणार असाल तर माझी हरकत नाही. भावालाही हेच सांगते. बाकी आरओचं मला पटलेलं नाही, ड्रम ठेवला तरी.

केळीवाला (जळगाव)

मास्तर, एक विनंती. तुमच्या जारच्या पाण्याचं नायट्रेट एकदा तपासाल का? दुसरी बाटली थेंब टाकण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवा, तिच्यातली पावडर तळाशी बसलेली असते, नाहीतर खोटं कमी दाखवते. रंग ट्यूबलाइटखाली नको, खिडकीजवळ जुळवा.

धुळेकर मास्तर

आज सकाळी तपासलं. जारचं पाणी फिक्कं पिवळं, ५ च्या आत. आमच्या नळाचं २०, केशरी. म्हणजे जारवाल्याचा प्लांट नीट चाललाय. माझं म्हणणं मी सोडत नाही, खाणं हेच मुख्य. पण त्या प्लांटचं मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) कधी जुनं होईल ते मला कुणी सांगणार नाही, हे खरं. महिन्यातून एकदा तपासत जाईन.

केळीवाला (जळगाव)

तपासा. नायट्रेट मेंब्रेनमधून इतर क्षारांपेक्षा लवकर निसटतं, त्यामुळे टीडीएस थोडासाच चढला तरी नायट्रेट बघा. मीही खाणं धुऊन घालायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी वाटीत उरलेलं लालसर पाणी बघितलं, ते दोन वर्षं मी टँकमध्येच ओतत होतो.