मदत हवी आहे: बेडरूमला बांबू फ्लोअरिंग की सागवान? अर्जंट

मानपाडा_४०३ | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बेडरूम ११ बाय १२, टाईल नकोत, लाकडी फ्लोअरिंग करायचंय. बायकोला बांबू हवाय, पाच वर्षांत तयार होतो, झाड मारावं लागत नाही वगैरे तिने वाचलंय. सासरेबुवा म्हणतात करायचं तर सागवान करा नाहीतर गप्प बसा. डीलर म्हणतो बांबू सागवानापेक्षा कडक. माझं मधल्या मध्ये मरण. बांबूचा कोट ३४० रुपये स्क्वेअर फूट आलाय लावणावळ धरून, सागवानाचा ७५० च्या पुढे. शुक्रवारपर्यंत अ‍ॅडव्हान्स दिला तरच हा रेट म्हणे. ज्यांनी स्वतःच्या घरात लावलंय त्यांनीच सांगा, घेऊ की नको? हो किंवा नाही. निबंध नको. आई २० तारखेला गावाहून येतेय, त्याआधी रूम तयार हवी.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ७:०५

कुठला बांबू ते लिहिलंच नाही तुम्ही. बांबूत तीन प्रकार येतात. पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, त्यात पेरांच्या खुणा दिसतात. पट्ट्या उभ्या चिकटवलेल्या, त्यात बारीक रेघा दिसतात. आणि तिसरा स्ट्रँड वोवन, म्हणजे बांबूचे धागे काढून रेझिनमध्ये भिजवून प्रचंड दाबाखाली ठोकळा करतात आणि त्याच्या फळ्या कापतात. डीलर जे कडक कडक म्हणतो ते या तिसऱ्याला लागू आहे. जांका नावाची कडकपणाची टेस्ट असते, त्यात सागवान हजार-अकराशेच्या आसपास आणि स्ट्रँड वोवन तीन हजारांच्या घरात. पण साधा बांबू सागवानापेक्षा थोडाच वर. आणि कॉफी रंगाचा असेल तर तो कार्बनाइज्ड, वाफेत शिजवून रंग आणलेला, तो साध्यापेक्षाही मऊ पडतो. पलंगाचे पाय ओढले की चर पडते. ऐरोलीत १२ वर्षं इंटिरियरचं काम करतोय. ३४० मध्ये लावणावळीसकट स्ट्रँड वोवन मला तरी अवघड वाटतंय. रंग कुठलाय?

मानपाडा_४०३ | बुधवार, सकाळी ७:३१

कॉफी.

सुतारपक्षी | बुधवार, सकाळी ७:३३

झालं.

रश्मी_खारघर | बुधवार, सकाळी १०:१५

आमच्याकडे २०१९ पासून आहे, खारघरला, सातवा मजला, स्ट्रँड वोवन १४ एमएम. तुम्ही हो-नाही म्हणालात म्हणून हो. पण पहिल्या पावसाळ्यात काय झालं ते ऐका. जुलैत दाराजवळ एकदम टेंगूळ आलं, पाय ठेवला की टक टक वाजायचं. फळी खराब होती असं नाही, कारागिराने भिंतीलगत गॅपच सोडली नव्हती, अगदी चिकटवून बसवलेलं. बांबू कारखान्यातून ८-१० टक्के ओलाव्याने निघतो, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतकं पाणी की तो ते पिणारच आणि फुगणारच. फुगायला जागा नाही तर वर उठतो. मग दुसऱ्या माणसाने येऊन स्कर्टिंग काढलं, चारी बाजूंनी १० एमएम कापलं, दोन आठवड्यांत आपोआप बसलं. तेव्हापासून काही त्रास नाही. मार्च-एप्रिलमध्ये एसी जास्त चालला की दोन फळ्यांमध्ये केसाएवढ्या फटी दिसतात, पाऊस आला की मिटतात. आता सवय झाली.

अजून एक, वॉर्डरोब भिंतीत फिक्स करणार असाल तर तो आधी. फ्लोअरिंग त्याच्याखाली घालू नका. तरंगतं फ्लोअरिंग असतं हे, म्हणजे जमिनीला न चिकटवलेलं, एका बाजूला अडीचशे किलोचं कपाट दाबून बसलं की दुसरीकडे उठणार.

जुना_नौपाडेकर | बुधवार, सकाळी ११:०२

ठाण्यासारख्या गावात लाकडी जमीन करण्याची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली हे आधी कळू द्या. आमच्या वाड्यात शहाबादी फरशी होती, ७० वर्षं. रोज ओल्या फडक्याने पुसा, उन्हाळ्यात तिच्यावर झोपा. जांका नको नि बांका नको.

एसपीसी_लावा_सुखी_व्हा | बुधवार, दुपारी १२:२०

भाऊ बांबू सागवान दोन्ही विसर, एसपीसी लाव. दगडाची पूड आणि प्लास्टिक, पाणी ओतलं तरी काही होत नाही, लाकडासारखं दिसतं, दोन दिवसांत काम. मी तिन्ही खोल्यांत लावलंय. कुत्रा आहे, मुलं आहेत. नो टेन्शन.

बागेश्री_१७ | बुधवार, दुपारी १२:४८

प्लास्टिक पायाखाली घेऊन फिरायचं आणि त्याला सुख म्हणायचं. असो. मूळ प्रश्नकर्त्यांना, बांबू घेणार असाल तर गोंदाचं विचारा. फळी चिकटवायला गोंद लागतोच, आणि स्वस्त मालात युरिया फॉर्मल्डिहाइड असतं, नवीन फर्निचरचा डोळ्यांत झोंबणारा वास येतो ना तोच. बॉक्सवर ई झीरो किंवा निदान ई वन (हा वायू किती कमी सुटतो त्याचा दर्जा) लिहिलेलं हवं. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, टेस्ट रिपोर्ट मागा. तुमच्या आई त्या खोलीत झोपणार आहेत ना? पाच वर्षांत वाढतो म्हणून पर्यावरणाला चांगला, हे अर्धंच खरं. बहुतेक माल चीनमधल्या मोसो जातीचा, बोटीने येतो.

कोकणी_कळक | बुधवार, दुपारी १:३०

बागेश्रीताई, चीन चीन काय लावलंय. नवीन संसद भवनात २०२३ साली बांबूचं फ्लोअरिंग बसलं ते त्रिपुरातून आलं. आपल्याकडे बांबूला किंमत नाही म्हणून चीनचं आणावं लागतं. सिंधुदुर्गात आमच्या बांधाबांधाला माणगा आहे, भरीव, बिनकाट्याचा, सरळसोट. २०१७ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात बांबू म्हणजे झाड होतं, वास्तविक ते गवत, स्वतःच्या शेतातला तोडून गाडीत भरला तरी पाससाठी हेलपाटे. २०१७ ला वन कायद्यातली व्याख्या बदलली तेव्हा शेतकरी सुटला. माझ्या काकांनी नंतर दीड एकर लावला. कोणाला कंद हवे असतील तर निरोप पाठवा.

जुना_नौपाडेकर | बुधवार, दुपारी १:४१

त्याच संसद भवनात सागवान नागपूरचं आहे. सासरेबुवा जिंकले.

मानपाडा_४०३ | बुधवार, दुपारी ४:१०

मंडळी मला शेती करायची नाहीये. रश्मीताई थँक्यू, हेच हवं होतं. सुतारपक्षी, डीलरला फोन केला, तो म्हणतो कार्बनाइज्डच आहे पण "एक्स्ट्रा हार्ड कोटिंग" आहे. चालेल का?

सुतारपक्षी | बुधवार, दुपारी ४:२५

कोटिंगने ओरखडा वाचतो, खड्डा नाही. खालची फळी मऊ ती मऊच. आता माझे प्रश्न, आणि नीट उत्तरं द्या. एक, मजला कुठला? ४०३ म्हणजे चौथा ना? दोन, टाईलवरच टाकणार की टाईल काढणार? वर टाकलं तर फळी आणि फोम मिळून १६-१७ एमएम उंची वाढते, दार खालून रंधून घ्यावं लागेल.

मानपाडा_४०३ | बुधवार, दुपारी ४:५८

चौथा. टाईल काढून झाल्यात, रविवारीच. त्या तशाही मे महिन्यात उठल्या होत्या, मधोमध तंबूसारख्या, रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. म्हणून तर हे सगळं काढलं. दाराचा प्रश्न नाही.

रश्मी_खारघर | बुधवार, सायं. ५:१२

अहो हे आधी सांगायचं ना!! टाईल का उठल्या?

एसपीसी_लावा_सुखी_व्हा | बुधवार, सायं. ५:२०

उन्हाने. माझ्या साडूकडे पण उठल्या. गॅप न सोडता लावल्या की उठतात. एसपीसीलाही कडेने गॅप लागते, पण ती सोडली की प्रॉब्लेम नाही.

सुतारपक्षी | बुधवार, सायं. ५:३३

उन्हानेही उठतात, खाली माल पोकळ असला तरी उठतात, खालून ओल आली तरी उठतात. साडूचं राहू द्या. ४०३ साहेब, बेडरूमची कुठली भिंत बाथरूमला लागून आहे? तिच्यावर पोपडे आहेत का?

मानपाडा_४०३ | बुधवार, रात्री ९:०५

पलंगाच्या डोक्याकडची. पोपडे आहेत थोडे खाली फूटभर, पण ते जुने आहेत, २०२२ ला रंग दिला तेव्हापासून. त्यावर वॉलपेपर लावणार आहोत. ३०३ वाल्या काकू एप्रिलमध्ये त्यांच्या सीलिंगला डाग पडला म्हणून भांडायला आल्या होत्या पण तो विषय वेगळा आहे, सोसायटी बघतेय. कृपया फ्लोअरिंगवर बोला.

सुतारपक्षी | बुधवार, रात्री ९:०९

साहेब, तो विषय वेगळा नाही. तोच विषय आहे.

बागेश्री_१७ | बुधवार, रात्री ९:१५

😂😂 वॉलपेपर!

रश्मी_खारघर | बुधवार, रात्री ९:२२

हसू नका हो, आमच्याकडे पण आधी कोणाला कळलं नव्हतं. दादा, तुमच्या बाथरूमचा स्लॅब बेडरूमपेक्षा खाली असतो, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर लादी बसवतात. नहाणी ट्रॅपचा (जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा) जॉइंट सुटला किंवा आतला पाइप पाझरला की तो अख्खा खड्डा पाण्याने भरून बसतो. वरून काहीच दिसत नाही. मग ते पाणी खाली काकूंच्या सीलिंगला आणि बाजूला तुमच्या कोब्यात, म्हणजे टाईलखालच्या सिमेंटच्या थरात जातं. त्यावर तुम्ही कुठलंही लाकूड अंथरा, बुरशी ठरलेली.

कोकणी_कळक | बुधवार, रात्री १०:००

सागवानात स्वतःचं तेल असतं, वाळवी लवकर लागत नाही, ओलही बऱ्यापैकी सोसतो. बांबूत मात्र स्टार्च भरपूर, म्हणून बोरिक-बोरॅक्सची ट्रीटमेंट नसेल तर भुंगा लागतो, पिठासारखी भुकटी पडते. मी बांबूवाला असून सांगतोय, ओलीवर नको.

जुना_नौपाडेकर | बुधवार, रात्री १०:१८

आणि "सोसायटी बघतेय" हे काय? टॉयलेटचं लीकेज ज्याचं त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, उपविधीत आहे. मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. त्या ३०३ च्या बाईंचं सीलिंगही तुम्हालाच करून द्यावं लागेल.

मानपाडा_४०३ | बुधवार, रात्री १०:२६

काका मी फ्लोअरिंग विचारलं होतं. कोबा हात लावून बघितला, कोरडा आहे. उगाच घाबरवू नका.

सुतारपक्षी | बुधवार, रात्री १०:४०

हात लावून कळत नाही. फुकटातली टेस्ट सांगतो, आज झोपायच्या आधी करा. जाड प्लास्टिकचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा, बाथरूमच्या भिंतीपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवा, चारी बाजूंनी टेप घट्ट लावा, हवा जाता कामा नये. दुसरा तसाच खिडकीकडे. उद्या रात्री उचला. खालच्या बाजूला थेंब आले किंवा कोबा काळपट झाला तर ओल आहे. खिडकीकडचा कोरडा आणि बाथरूमकडचा ओला असेल तर मग वेगळं सांगायला नको.

तृप्ती_पोळी_भाजी | बुधवार, रात्री ११:५५

बांबूच्या कटिंग बोर्डला वास येत असेल तर मीठ आणि अर्ध्या लिंबाने घासा, उन्हात उभं ठेवा, आडवं नाही. माझं चार वर्षं टिकलंय.

मानपाडा_४०३ | गुरुवार, रात्री १०:५०

प्लास्टिक उचललं. खिडकीकडचं कोरडं. बाथरूमकडच्याखाली घाम आल्यासारखे थेंब, आणि कोब्यावर तेवढाच चौकोन काळा. बायकोने फोटो काढून सासऱ्यांना पाठवला, त्यांचा लगेच फोन, "मी म्हटलं नव्हतं?" ते सागवान म्हणाले होते, ओल नाही, पण आता कोण वाद घालणार.

डीलरला सांगितलं शुक्रवारी नाही जमणार. तो म्हणतो खाली प्लास्टिक शीट टाकू, काही होणार नाही.

सुतारपक्षी | गुरुवार, रात्री ११:०४

शीट सगळ्याच कामात टाकतात, २०० मायक्रॉनची, ती कोब्यातल्या उरल्यासुरल्या दमटपणासाठी. गळक्या बाथरूमवरचा तो इलाज नाही, पाणी शीटखाली साचेल आणि कडेने वर येईल. अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

एसपीसी_लावा_सुखी_व्हा | गुरुवार, रात्री ११:१०

एसपीसीला पाण्याने काही होत नाही हे मी मंगळवारपासून सांगतोय.

रश्मी_खारघर | गुरुवार, रात्री ११:१४

बुधवारपासून. आणि एसपीसीला होणार नाही, काकूंच्या सीलिंगला होईल.

मानपाडा_४०३ | पुढचा मंगळवार, सायं. ७:३०

अपडेट. प्लंबरने बाथरूमची ट्रॅपजवळची लादी फोडली. खाली विटांचे तुकडे पाण्यात पोहत होते, तीन बादल्या उपसल्या. ट्रॅपचा जॉइंट पूर्ण सुटलेला. आता अख्खं बाथरूम वॉटरप्रूफिंग, बजेट गेलं. काकूंचं सीलिंगही कबूल केलं, त्यांनी चहा दिला. बांबूचं म्हणाल तर स्ट्रँड वोवनच, बायको ठाम आहे, सासऱ्यांना वॉर्डरोबचं सागवान देऊन गप्प केलंय. कोबा सुकायला किती दिवस लागतील? आई शनिवारी येतेय, तिला हॉलमध्ये झोपवावं लागणार, गुडघ्यांना गार लादी चालत नाही म्हणून तर हा सगळा घाट घातला होता.

सुतारपक्षी | पुढचा मंगळवार, रात्री ८:०२

या हवेत दिवस मोजू नका. पंखा लावून ठेवा, दिवाळी झाल्यावर पुन्हा प्लास्टिक चिकटवून बघा, कोरडं आलं तरच माल मागवा. माल आला की बॉक्स त्याच बेडरूममध्ये आडवे ठेवायचे, बाल्कनीत नाही, तीन-चार दिवस तरी, मग लावायला घ्यायचं. तोवर आईंसाठी जाड सतरंजी.

जुना_नौपाडेकर | पुढचा मंगळवार, रात्री ८:२०

आईंना गुडघ्यांचा त्रास आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी शहाबादी म्हटलंच नसतं. आणि काढलेल्या टाईलपैकी धड किती आहेत? गावच्या घराच्या पडवीत पन्नासेक लागतील.

मानपाडा_४०३ | पुढचा मंगळवार, रात्री ८:३५

काका, अठरा धड आहेत. त्याही ३०३ च्या काकूंनी कुंड्यांखाली ठेवायला मागितल्यात.