गांजात कोणाचा बळी जात नाही म्हणता? आमच्या घरी या

वर्धेकर : कालच्या पोस्टमध्ये धागालेखकानं लिहिलं, "गांजा ओढणारा स्वतःचंच वाटोळं करतो. ज्यात बळीच नाही, तो गुन्हा कसला?" रात्री झोप लागली नाही. माझा थोरला भाऊ पाच वर्षांपासून ओढतो. यंदा ऐन सोयाबीनवर अळी आली अन् फवारणीचा पंप जागेवर नाही. आठशे रुपयांत विकला त्यानं. तुटका पट्टा तेवढा खुंटीला लटकत होता. वहिनीचं डोरलं आधीच सावकाराकडे. आता ती दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते. तिला काय म्हणायचं?

धागालेखक : दुःख मान्य. पण पंप विकणं वेगळं, ओढणं वेगळं. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) कलम २७ खाली नुसत्या ओढण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दादा आत गेले तर वहिनींनी निंदण करायचं की कोर्टाच्या तारखा? पोर्तुगालनं २००१ मध्येच स्वतःपुरतं बाळगणं फौजदारीतून काढलं.

चांद्याची ताई : पोर्तुगाल राहू द्या, चांद्याचं (चंद्रपूरचं) पाहा. २०१५ ला दारूबंदी झाली, २०२१ ला उठली. मधल्या सहा वर्षांत आमच्या गल्लीत बाटली दुप्पट भावानं घरपोच यायची. माझा नवरा आधी मजुरीचे अर्धे पैसे उडवायचा, बंदीत सगळे.

गडचिरोलीकर : म्हणून बंदीच नको? आमच्याकडे १९९३ पासून आहे. माझ्या आईनं बचत गटाच्या बायांसोबत मोहाच्या दारूचे सडवे फोडले, दगड खाल्ले. तुमच्याकडं राबवली नाही, तो दोष बंदीचा काहून?

चांद्याची ताई : दगड मीही खाल्ले, घरातल्या घरात. मले शिकवू नका.

वर्धेकर : वर्ध्यात कित्येक वर्षांपासून बंदी आहे, तरी मिळते, मलाही ठाऊक आहे. पण धागा दारूवर गेला अन् माझ्या वहिनीचं उत्तर राहिलं.

धागालेखक : ठीक. "बळी नाही" हे मागे घेतो. घरात माणसं भरडतात. पण त्याला तुरुंगात टाकून ती सुटत नाहीत, यावर ठाम आहे.

वर्धेकर : तुरुंग मी मागितलाच कुठं? त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळते. ते आधी लिहिलं असतं तर एवढं भांडलो नसतो. बुधवारी दादाला नेतो आहे. कबूल झाला आहे, पण एकट्यानं आवरत नाही. सेलूकडचं कोणी सोबत येईल का?

चांद्याची ताई : माझा भाऊ सेलूलाच राहते. नंबर पाठवते, सकाळीच फोन करा.