बायोडायनॅमिक केल्याने माती खरंच जिवंत होते का? करणाऱ्यांनी सांगा प्लीज

वाफसा_बघणारा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. तीन वर्षं झाली रासायनिक खत हळूहळू कमी करत आणलंय, शेणखतही घालतोय, पण जमीन काही सुधारल्यासारखी वाटत नाही. मागच्या आठवड्यात फावड्याने फूटभर खोल खड्डा घेतला तर वरचे सहा इंच बरे आणि त्याखाली असा घट्ट थर की मुळं खाली जायची सोडून तिथेच आडवी वळलेली, आणि एवढ्या मातीत गांडूळ एकही नाही, ते बघून फार वाईट वाटलं. आता एक मित्र म्हणतोय बायोडायनॅमिक सुरू कर. मी वाचायला घेतलं तर गाईच्या शिंगात शेण भरून पुरायचं, चंद्र बघून पेरायचं, पाणी तासभर घुसळायचं असं सगळं आहे. मातीसाठी मी काहीही करायला तयार आहे हो, पण यातलं नेमकं काय काम करतं ते कोणी अनुभवाने सांगेल का?

शिंगखतवाली

दादा, मी सहा वर्षं करतेय, म्हणून सांगते. 1924 साली रुडॉल्फ स्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन विचारवंताने कोबरविट्झला (ते गाव आता पोलंडमध्ये येतं) शेतकऱ्यांसमोर आठ व्याख्यानं दिली, तिथून हे सुरू झालं. रासायनिक खतं आल्यावर बियाणं आणि जमीन दोन्हीचा कस उतरतोय अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. म्हणजे तुमचाच प्रश्न, शंभर वर्षांपूर्वीचा.

या पद्धतीत जी खास मिश्रणं करतात त्यांना तयाऱ्या म्हणतात, प्रत्येकीला नंबर असतो, आणि शिंगखत म्हणजे 500 नंबरची. थंडी सुरू व्हायच्या आधी शिंगात ताजं शेण भरून पुरायचं, सहाएक महिन्यांनी काढायचं. पहिल्यांदा शिंग झटकलं तेव्हा मला वाटलेलं घाण वास येईल, पण आत काळंभोर, मऊ, ओलसर काहीतरी, शेणाचा वास अजिबात नाही, रानात पालापाचोळा उकरल्यावर येतो तसा वास. एकरी 25-30 ग्रॅम, 12-13 लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळायचं, एका दिशेने खोल भोवरा पडला की लगेच उलट दिशेने, आणि संध्याकाळी ओल्या जमिनीवर शिंपडायचं.

पण खरं सांगू का, माझ्या जमिनीत सगळ्यात मोठा फरक कंपोस्टने पडला. आधी मी शेणखत उकिरड्यावरून उचलून तसंच टाकायचे. या पद्धतीमुळे ढीग नीट रचायला शिकले, ओला-सुका थर, ओल किती, झाकायचं कसं, आणि त्यात त्या वनस्पतींच्या सहा तयाऱ्या घालतात, यारो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलियन, व्हॅलेरियन. चौथ्या वर्षी गांडुळं दिसायला लागली. 500 मुळे की कंपोस्टमुळे, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण दोन्ही एकदमच सुरू केलं होतं.

मुळाशी_जाणारा

ताई, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, सगळा वाद तिथेच अडकलाय. मी मृदाशास्त्र शिकलोय म्हणून थोडं लिहितो.

स्वित्झर्लंडमध्ये थरविलला 1978 पासून एक प्रयोग चालू आहे, डीओके नावाचा. बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि पारंपरिक रासायनिक शेती, शेजारीशेजारी, तीच माती तीच पिकं. 21 वर्षांचे निकाल 2002 साली 'सायन्स'मध्ये आले. बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय प्लॉटचं उत्पादन सरासरी 20 टक्के कमी, हे लपवायचं काही कारण नाही, पण खताचा वापर 34 ते 53 टक्के कमी आणि कीटकनाशकं 97 टक्के कमी. मातीतल्या जिवाणूंचं वजन जास्त, गांडुळं जास्त, मुळांवर मायकोरायझाही (मुळांना साथ देणारी बुरशी) जास्त. आणि बायोडायनॅमिक प्लॉटमधले जिवाणू तेवढ्याच कर्बाचा जास्त काटकसरीने वापर करत होते, श्वासात कमी घालवत होते. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते, कारण नुसते जिवाणू किती याला अर्थ नाही, ते सुखाने नांदतायत का हे त्यातून कळतं.

आता दुसरी बाजू. त्या बायोडायनॅमिक प्लॉटला पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिळत होतं आणि सेंद्रियवाल्याला अर्धवट कुजलेलं शेणखत, म्हणजे फरक तयाऱ्यांचा की कंपोस्टचा हे तिथे वेगळं करता येत नाही. अमेरिकेत 2000 च्या आसपास कंपोस्ट तेच ठेवून फक्त तयाऱ्या घातलेले आणि न घातलेले प्लॉट तपासले, तर मातीच्या जिवाणूंमध्ये तयाऱ्यांमुळे म्हणावा असा फरक दिसला नाही. चंद्राच्या कॅलेंडरचंही तसंच, ठोस पुरावा नाही. म्हणून माझं मत असं की या पद्धतीतली खरी ताकद आहे कंपोस्ट, फेरपालट, जनावरं, आणि शेत म्हणजे एक अख्खा जीव या विचारात. डिमीटर म्हणजे बायोडायनॅमिक शेतीचं प्रमाणपत्र, त्याच्या नियमात शेताचा किमान 10 टक्के भाग जैवविविधतेसाठी ठेवावा लागतो, बांध, झाडं, फुलं वगैरे, त्याबद्दल कोणी बोलतच नाही, सगळे शिंगावरच भांडतात.

आच्छादन_प्रेमी

वरचं सगळं बरोबर आहे पण मूळ प्रश्न सहा इंचावरच्या त्या थराचा आहे ना? तो नांगराचा तळवा आहे भाऊ. दरवर्षी त्याच खोलीवर नांगर फिरला आणि वाफसा नसताना ट्रॅक्टर घातला की बसतोच तो. त्यावर शिंगखत शिंपडा नाहीतर कंपोस्ट ओता, मुळाला वाट मिळाल्याशिवाय खाली काही पोचणार नाही. कोरडी असताना एकदा तो थर फोडा, लगेच मागून खोल मुळांचं हिरवळीचं पीक घ्या नाहीतर पुन्हा बसेल, आणि त्यानंतर जमीन उघडी ठेवू नका. जिवाणूंना खायला जिवंत मूळच घालतं, मुळातून साखर झिरपते त्यावर अख्खी पंगत जेवते, रिकाम्या रानात ते उपाशी राहतात.

आणि आजच एक करून बघा, शेतातलं एक वाळलेलं ढेकूळ आणि बांधावरचं, जिथे कधी नांगर लागला नाही तिथलं एक, दोन काचेच्या ग्लासात पाण्यात अलगद सोडा. जिवंत मातीचं ढेकूळ पाण्यातही धरून राहतं, कुठलं आधी विरघळतं ते बघा.

वाफसा_बघणारा

आत्ताच केलं!! शेतातलं पाच मिनिटात विरघळून खाली चिखल, पाणी गढूळ. बांधावरचं अर्धा तास झाला तरी तसंच, पाणी नितळ. विश्वासच बसेना, हाताच्या अंतरावरची माती आहे हो ही.

ठरलं मग, आधी थर फोडतो आणि कंपोस्ट नीट रचतो. ताई, ढिगाबद्दल तुम्हाला अजून विचारेन. 500 पण करून बघावंसं वाटतंय, पण अर्ध्याच रानात, म्हणजे फरक कळेल. असं चालेल का?

मुळाशी_जाणारा

चालेल, फक्त उरलेल्या अर्ध्यात नुसतं पाणी तसंच तासभर ढवळून त्याच संध्याकाळी शिंपडा. आणि एक अर्धा भाग वर आणि एक खाली असं करू नका, उताराने ओल बदलते, आलटून पालटून पट्टे पाडा, निदान आठ. वर्षाने खड्डे घेऊन गांडुळं मोजताना कुठला पट्टा कशाचा हे माहीत नसलेल्या माणसाला मोजायला सांगा.

शिंगखतवाली

मी पण करते हे यंदा. सहा वर्षं मनात होतं.