अनुभव धागा: सकाळी शिवार, दुपारी गड (विदर्भ)

पऱ्हाटी

किल्ले म्हटले की सगळे सह्याद्रीकडे पळतात. पुण्या-मुंबईकडच्यांचं समजू शकते, पण आमच्या अकोला-अमरावतीची पोरंही राजगड-तोरण्याचे फोटो टाकतात आणि नरनाळा कुठल्या तालुक्यात आहे हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून हा धागा. गावातलाच एखादा जाणता माणूस वाटाड्या म्हणून घ्यायचा, सकाळी वावरातून किंवा जंगलकाठाने चालायचं, गावात कोणाकडे तरी जेवायचं आणि मग गड, अशी एक दिवसाची सहल विदर्भात कोणी कोणी केली आहे? सविस्तर लिहा. नुसतं ‘मस्त झाली’ नको.

सुरुवात मीच करते. आमचा गट अकोटहून निघाला. वाटाड्याने थेट नरनाळ्याला न नेता आधी अडगावच्या शिवारात उतरवलं. सिरसोलीच्या बाजूला, तूर आणि कपाशीच्या मधल्या गाडीवाटेवर उभं करून तो म्हणाला, इथं लढाई झाली. २९ नोव्हेंबर १८०३. एका बाजूला नागपूरकर भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. तोफा सुरू झाल्या तशा इंग्रजांच्याच काही पलटणी मागे पळाल्या होत्या, वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्या सावरल्या. बघायला तिथं तसं काहीच नाही. एक बाई ओटीत कापूस वेचत होती, तिनं आमच्याकडे पाहून विचारलं, ‘काय हरवलं का जी?’

नरनाळ्यावर मात्र बघायला भरपूर आहे. मधला मुख्य गड, एका अंगाला जाफराबाद, दुसऱ्या अंगाला तेलियागड. पंधराव्या शतकाच्या अखेरचा, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहउल्ला याच्या काळातला महाकाली दरवाजा एकट्यानेच तासभर खातो: वर अरबी-फारसी अक्षरं, खाली कमळं. वर तळी, राणीमहाल, आणि ती लांबलचक नऊगजी तोफ, जिच्यावर बसून फोटो काढू नका असं सांगूनही लोक बसतातच. कमानींच्या टाक्यांना लोक तेला-तुपाची टाकी म्हणतात. मला त्या पाण्याच्याच वाटल्या.

जेवण शहानूरला: ज्वारीची भाकर, सोले-वांग्याची भाजी, ठेचा.

परतवाड्याची सून

पऱ्हाटीताई, तुमची लढाई जिथं संपली तिथून पुढचं मी सांगते, कारण अडगावनंतर इंग्रज आमच्याकडेच आले.

गाविलगडाला आम्ही घरचे सगळे गेलो होतो. मामाजींना (माझे सासरे) फार चालवत नाही, त्यामुळे चिखलदऱ्यापर्यंत गाडी. सकाळचं चालणं एका कोरकू ढाण्यात (आदिवासी पाड्यात) होतं. आमच्यासोबतचा वाटाड्या भाऊ कोरकूच. घरांच्या समोरासमोर दोन ओळी, मधला रुंद रस्ता शेणाने सारवलेला, कुठं कागदाचा कपटा नाही. माझी मुलगी हळूच म्हणाली, आई, आपल्या सोसायटीपेक्षा स्वच्छ आहे. मग कॉफीची झाडं बघितली. विदर्भात कॉफी होते हे घरातल्या निम्म्या लोकांना खरंच वाटत नव्हतं. मामाजींनी एक फळ तोंडात टाकलं आणि ‘चहा बरा’ एवढंच म्हणाले.

आता गड. बहमनी सुलतान अहमदशहाने तो १४२५ च्या सुमारास बांधून काढला, त्याआधी गवळ्यांची गढी होती म्हणतात. दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा पक्षी कोरला आहे, चोचीत हत्ती धरलेले. हा गंडभेरुंड. सुलतानांच्या किल्ल्यावर हा कसा, असं मी विचारलं. भाऊने सांगितलेलं मला फार आवडलं: फतहउल्ला इमाद-उल-मुल्क जन्माने विजयनगरकडचा हिंदू, लहानपणी लढाईत पकडला जाऊन वऱ्हाडात आला, इथंच वाढला आणि पुढं इथलाच धनी झाला. गंडभेरुंड हे विजयनगरकडचं चिन्ह. त्यानं ते मुद्दाम कोरवून घेतलं की कारागिरांनी सवयीनं कोरलं, ते तो पक्षीच जाणे.

मग त्याने आम्हाला उत्तरेच्या तटाकडे नेलं आणि सगळा वेढा समजावला. वेलस्ली दक्षिणेकडून नुसता दम देत राहिला, कारण तिकडून चढ अवघड. खरा हल्ला कर्नल स्टीव्हन्सनचा, उत्तरेकडून. पण उत्तरेला तोफा आणायच्या तर सातपुड्याच्या डोंगरातून ओढत आणाव्या लागल्या, वाट करत करत. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, इंग्रज आत शिरले, आणि पुढे बघतात तर आतला गड वेगळाच, मध्ये दरी! शेवटी कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून आतला तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. १५ डिसेंबर १८०३. किल्लेदार बेनीसिंग लढत पडला. दोनच दिवसांनी देवगावला तह झाला आणि भोसल्यांनी वऱ्हाडचा आपला मुलूख सोडला.

ती दरी उतरून चढलो तेव्हा आमचा दम निघाला, हातात नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या. मामाजी खाली झाडाखाली बसून होते. आम्ही परत आलो तर ते आणि एक गायकी (गुराखी) पोऱ्या मिळून विडी ओढत तंबाखूच्या भावावर बोलत होते, आणि त्या पोऱ्याने त्यांना बेनीसिंगची अख्खी गोष्ट आमच्या आधीच सांगून टाकली होती.

खुट्टा

माझा अनुभव चांगला नाही, तोही लिहितो.

शहरातल्या एका आयोजकाकडून सहल घेतली होती, नाव लिहीत नाही. सकाळचं ‘ग्रामजीवन दर्शन’ म्हणजे एका शेतात खाटा टाकलेल्या, बैलगाडीला झेंडूच्या माळा आणि स्पीकरवर लावणी. वावरात कोणी काम करत नव्हतं. कशाला करतील, ते वावर सहलीसाठीच ठेवलेलं. दुपारी बाळापूर. आणि गाईड! इथून भुयार अकोल्याच्या असदगडाला निघते. मागच्या वर्षी दुसऱ्या किल्ल्यावर तेच भुयार नरनाळ्याला निघत होतं. विदर्भातल्या भुयारांचा हिशेब लावला तर खाली नागपूरची मेट्रो सापडेल.

वाईट याचं वाटतं की बाळापूरला सांगण्यासारखं खरं इतकं आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचावर बांधलेला, विटांचा किल्ला. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने तो सुरू केला, पुरा झाला १७५७ मध्ये एलिचपूरच्या (आताच्या अचलपूरच्या) इस्माईलखानाच्या हातून. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एक बाजू सोडून सगळीकडे पाणी. आणि नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. तीच स्वारी, तोच पुरंदरचा तह, तेच मिर्झाराजे. त्या छत्रीखाली शांत बसायला आम्हाला मिळाली दहा मिनिटं, कारण बसवाल्याला उशीर होत होता.

धानाचा कट्टा

आमच्याकडे, भंडाऱ्याला, सगळं वेगळं. तुमची काळी माती आणि कपाशी इथं विसरा.

मी शाळेत शिकवतो. आठवी-नववीची पोरं घेऊन तुमसर तालुक्यातल्या आंबागडला गेलो होतो, धान कापणीच्या दिवसांत. वाटाडे म्हणून गावातले एक काकाजी, वय बरंच, पायात टायरची चप्पल आणि आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे. सकाळी त्यांनी बांद्यांच्या (धानाच्या खाचरांच्या) धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालवलं. धुऱ्याला तूर, बांदीत कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या, कुठं पुंजणं (गंजी) रचून झालेलं. शहरातल्या दोन पोरांनी पहिल्यांदा विचारलं, ‘सर, भाताचं झाड एवढंच असते?’ काकाजी हसले नाहीत. लोंबी हातात देऊन चोळून दाखवली, तोंडात टाका म्हणाले.

मग मामा (माजी मालगुजारी) तलाव. मालगुजारीच्या काळातले हे तलाव पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत, आणि माझ्या मते इथला खरा वारसा किल्ल्यांपेक्षा हाच. पाळ, तुडूम (पाणी सोडायचं तोंड), पाट, एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात. काकाजींनी काठीने जमिनीवर नकाशा काढून पाण्याचा रस्ता दाखवला. मला वर्गात जे दोन तासांत जमत नाही ते त्यांनी एका बिडीच्या वेळात केलं.

आंबागडावर पायऱ्या आहेत, चढ सोपा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहा याच्या अमलात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने हा बांधला. पुढे भोसल्यांनी तुरुंग केला. आतल्या विहिरीचं सडकं पाणी पाजून कैद्यांना मारत, अशी दंतकथा आहे. काकाजींनी ती सांगितली, आणि लगेच पुढे: ‘आमच्या बाबानं सांगतली होती. खरी का खोटी तो बाबा जाणे.’ असा वाटाडा असला तर दंतकथाही चालते. खुट्टाभाऊ, तुमच्या भुयाराचं दुखणं इथंच आहे: गोष्ट सांगणं वाईट नाही, ती गोष्ट आहे हे न सांगणं वाईट.

पोरं मात्र ते विहिरीचंच लक्षात ठेवून घरी गेली, मामा तलाव कोणाच्या निबंधात आला नाही.

झरपटकाठ

चंद्रपूर ‘ग्रामीण’ मध्ये बसत नाही हे मान्य, पण परकोटाची चाल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोंडराजांनी बांधलेली ही तटबंदी जवळपास ११ किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या (लहान दरवाजे). त्यातली एक मसाण खिडकी आणि एक चोर खिडकी. दरवाज्यांवर हत्तीला दाबून उभा असलेला सिंह, गोंडराजांचं चिन्ह. बुरूज झाडीझुडपाने भरून गेले होते. २०१७ पासून इको-प्रो या इथल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज सकाळी जाऊन ते मोकळे केले, म्हणून आज तटावरून चालता येतं. सकाळी ऊन चढायच्या आत जा. चंद्रपूरचा उन्हाळा चेष्टेचा विषय नाही.

जागल्या

वाचून राहिलो होतो, राहवलं नाई म्हणून लिहितो. मी गडाच्या पायथ्याच्या गावचा, लोकायले गड दाखवतो. हरबरा वावरात उभा असला का दिवसा गड आन् रात्री जागली. रोही (नीलगाय) आन् डुकरं एका रात्रीत अख्खं वावर साफ करतात, म्हणून मचानावर बसा लागते. तवा सकाळी माझे डोळे लाल दिसले तर दारू पेला असं समजू नका.

खुट्टाभाऊ, भुयाराची गोष्ट मीबी सांगतो. खोटं काऊन बोलू? नाई सांगतली तर पाहुणे म्हणतात, गाईडले काईच येत नाई. एकदा मी खरं सांगतलं का भुयार-बियार काई नाई, पावसाचं पाणी जायाची मोरी हाये. तर एक साहेब म्हणे, दुसरा गाईड नाई का? आता मी गुरुजींच्या काकाजीसारखं सांगत जाईन, लोकं म्हणतात म्हणून.

पाहुणे पयलं इचारतात, वाघ दिसन का? मी म्हणतो, दिसला तर तुमचं नशीब, नाई दिसला तर माझं.

शिवार पयले काऊन, ते सांगतो. गडावर चढल्यावर मी त्यायले दक्षिणच्या तटावर उभं करतो. खाली सकाळी ज्या धुऱ्यानं आलो तो दिसते, कापूस दिसते, पार पूर्णेकडंपर्यंत सपाट काळं वावर दिसते. मंग मी काई बोलत नाई. कोणी ना कोणी आपोआप म्हणते, हे सारं पिकत होतं म्हणून वरतं गड होता. जे लोक गाडीनं डायरेक वरतं येतात, त्यायले ते दिसत नाई. त्यायले खाली निस्तं हिरवं दिसते.

अजून एक. जेवण घरी सांगतलं असंन तर आदल्या रोजी माणसं किती ते सांगा. आमच्या घरची वीस भाकरी थापते आन् येतात आठ लोकं, मंग चार दिवस आमीच कुटके खातो.

दत्तकुंज

आईचे गुडघे गेलेत, पण तिला किल्ला बघायचाच आहे. नागपूरहून कुठला जमेल?

परतवाड्याची सून

नगरधन. रामटेकच्या जवळ, सपाटीवर, चढ जवळजवळ नाही. विहिरीत उतरून देवीचं ठाणं आहे, तेवढं आईंनी वरूनच हात जोडावेत. आजूबाजूला धानाची शेतं, थंडीत चालायला छान. तट नंतरच्या काळातला असला तरी जागा वाकाटकांची, हीच त्यांची राजधानी नंदिवर्धन मानतात. इथल्या उत्खननात प्रभावतीगुप्ताच्या नावाचा मातीचा ठसा मिळाला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावाने राज्य चालवणारी. आईंना हे तिथं बसून सांगा, आवडेल. आमच्या सासूबाईंनी तर लगेच विचारलं होतं, मग मुलं मोठी झाल्यावर तिला विचारत होती का नाही?

पऱ्हाटी

जागल्याभाऊ, भाकरीचं पटलं, पुढच्या वेळी आकडा नीट कळवू. सगळ्यांना: नरनाळा आणि गाविलगड दोन्ही मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतात, त्यामुळे फाटकाची वेळ आणि तिकीट आदल्या दिवशी विचारून घ्या. कडेकपारीला आग्यामोहोळ असतं, अत्तर मारून जाऊ नका, धूर करू नका.

आणि गडचिरोलीकडचं अजून कोणीच लिहिलं नाही. वैरागड कोणी केलाय का? जुन्या हिऱ्यांच्या खाणी, खंदक, खोब्रागडीचा काठ एवढं माहीत आहे. आरमोरीहून वाटाडा कुठं मिळतो, जेवायची सोय काय, सकाळी चालायला कुठली वाट घेतली, ते लिहा.