डायनाच्या झग्याचा २५ फुटी घोळ: चूक लांबीची, कापडाची की बग्गीची?

ताणाबाणा: २९ जुलै १९८१, लंडन. लेडी डायना स्पेन्सर राजपुत्र चार्ल्सशी लग्नासाठी सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांशी उतरली, तेव्हा झग्यामागे जमिनीवर लोळणारा २५ फुटी घोळ चुण्यांनी भरलेला होता. माझ्या मते दोष सरळसरळ लांबीचा. वाड्यातून चर्चपर्यंत वधू कशात बसून जाणार, हे आधी मोजायचं आणि मग कापडाला कात्री लावायची. इथे उलटं झालं. काचेच्या बग्गीत वधू, शेजारी तिचे धिप्पाड वडील आणि उरलेल्या फटीत २५ फूट रेशीम कोंबलेलं! २०११ मध्ये डायनाची थोरली सून केट मिडलटन हिच्या लग्नात घोळ जेमतेम २.७ मीटरचा, म्हणजे नऊ फुटांचा होता. मोटारीतून उतरली आणि काही क्षणांत तो नीट पसरला.

दिंडीदरवाजा: साफ असहमत. केटचं लग्न वेस्टमिन्स्टर ॲबेत झालं, डायनाचं सेंट पॉल्समध्ये. सेंट पॉल्स निवडलं तेच जास्त पाहुणे बसावेत आणि मिरवणुकीचा रस्ता लांब मिळावा म्हणून. आत वेदीपर्यंत चालायला साडेतीन मिनिटं लागली. त्या प्रचंड घुमटाखाली नऊ फुटांचा घोळ रुमालासारखा दिसला असता. लाल गालिच्यावर वरून दिसलेला तो हस्तिदंती पट्टा आजही डोळ्यांसमोर येतो, तो लांबीमुळेच.

वीणकाम: दोघेही लांबीवर भांडताय, खरा गुन्हेगार कापड आहे. झगा रेशमी टॅफेटाचा होता. टॅफेटा म्हणजे घट्ट पिळाच्या धाग्यांची साधी, दाट वीण. धाग्यांना सरकायला जागा नसते, म्हणून दाबली की घडी तिथेच बसते. त्यात जुलैची ऊब, अंगाचा दमटपणा आणि वरच्या थरांचं वजन, म्हणजे बसल्या बसल्या उलटी इस्त्रीच. झगा बनवणाऱ्या इमॅन्युएल दांपत्यालाही थोडं चुरगळेल हे ठाऊक होतं, इतकं चुरगळेल हे नव्हतं. २०१८ मध्ये धाकटी सून मेगन मार्कलने लांबी ठेवलीच की! पाच मीटर, पण रेशमी जाळीच्या ओढणीत. जाळीत मोकळी भोकं असतात, घडी धरायला सलग पृष्ठभागच नसतो.

ताणाबाणा: जाळीला टॅफेटाची चकाकी आणि सळसळ कुठून आणणार? कापड तेच हवं होतं तर घोळ सुटा ठेवायचा, वेगळ्या गाडीतून गुंडाळीवर न्यायचा आणि दारात कमरेला आकड्यांनी जोडायचा.

वीणकाम: पायऱ्यांवर, ७५ कोटी लोक टीव्हीवर बघत असताना? शिवाय एवढ्या कापडाची ओढ चालताना त्या मोजक्या आकड्यांवर येते. एक सुटला की घोळ तिरका होतो आणि मागच्या करवल्यांच्या पायांत येतो. अखंड घोळात ती ओढ सगळ्या शिवणीवर वाटली जाते.

दिंडीदरवाजा: करवल्यांचं श्रेय मात्र कुणी देत नाही. त्यातल्या दोन मोठ्या, १७ आणि १३ वर्षांच्या, मुलींनी पायऱ्यांवर तो पसरवला. अशा वेळी खालच्या टोकाने दोघींनी एकदम, सारखा ताण देत ओढावं लागतं. मध्येच झटकलं तर नव्या तिरप्या चुण्या पडतात. परतीला नवरा-नवरी उघड्या लँडोत, म्हणजे बिनछताच्या घोडागाडीत बसली, तिथे हा प्रश्न इतका आलाच नाही. म्हणून माझं बोट बग्गीकडेच.

ताणाबाणा: उघडी गाडी जाताना चालली नसती. धूळ, वारा, आणि झगा दारात पोचेपर्यंत झाकलेला ठेवायचा होता. बग्गी बंदच लागणार होती, म्हणूनच म्हणतो, माप बग्गीचं घ्यायचं.