मदत हवी आहे : साईडमाऊंटसाठी हार्नेस कोणती घेऊ? टाकी काखेत थांबत नाही

गोसेखुर्द_काठ
साईडमाऊंट, म्हणजे टाक्या पाठीवर न घेता दोन्ही बाजूंना काखेत लावून डाइव्ह करणं, सुरू करायचं आहे. हवेच्या टाक्या आहेत, टाकीतली हवा तोंडात देणारे रेग्युलेटर आहेत, बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) आणून लावून पाहिली. टाकी काखेत थांबत नाही, व्हॉल्व्ह पुढे लोंबतो. अर्ध्या डाइव्हनंतर टाकीचं बूड वर येतं ते वेगळंच. नवी हार्नेस (टाक्या अंगाला अडकवायचे पट्टे) घ्यावी लागेल काय? कोणती? या आठवड्यात ऑर्डर टाकायची आहे, लवकर सांगा भाऊ. व्हिडिओ पाहून झाले, लिंका नको.

काळीमाती_यवतमाळ
टाक्या म्हणजे कोणत्या? स्टील की अॅल्युमिनियम? किती लिटर? रेग्युलेटरची जोडणी यॉक (बाहेरून स्क्रूने आवळायची) की डिन (आत फिरवून बसवायची)? बंजी कशाला बांधली? तुमची उंची किती, कोर्स कोणता झाला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

वर्धा_डाइव्ह
बूड वर येतं म्हणजे अॅल्युमिनियमच आहे. स्टीलच्या १२ लिटरच्या दोन घ्या, प्रश्न मिटला.

काळीमाती_यवतमाळ
नाही मिटत दादा. गोड्या पाण्यात, तीन मिलिमीटरच्या सूटवर भरलेल्या दोन स्टील टाक्या म्हणजे माणूस सुरुवातीपासूनच जड. सोडून द्यायला कमरेला वजनही नसतं. विंगने, म्हणजे पाठीवरच्या तरंगायच्या फुग्याने, हवा सोडली तर वर यायचं कशाने? थंड पाण्यात ड्रायसूटसोबत (पाणी आत न येणारा, आत हवा असलेला सूट) स्टील शोभतं. आपल्याकडे अॅल्युमिनियमच बरं.

वर्धा_डाइव्ह
जगभर गुहांमध्ये स्टील वापरतातच ना? वजनाचा हिशेब नीट केला की झालं.

काळीमाती_यवतमाळ
तिथे ड्रायसूट असतो, त्याची उचल वेगळी. एकाची गोष्ट दुसऱ्याला लावू नका.

गोसेखुर्द_काठ
अॅल्युमिनियम, ११.१ लिटर, यॉक. ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स, झाला आहे. उंची ५ फूट ५. बंजी नेहमीच्या, हवा भरायच्या जॅकेटलाच बांधली, खांद्याच्या पट्ट्याला. आता सांगा.

काळीमाती_यवतमाळ
हाव, मग कारण तिथेच आहे. जॅकेटची हवा बाजूंना भरते आणि टाकीची जागाही नेमकी तीच. फुगा भरला की तो टाकीला बाहेर ढकलतो. शिवाय खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली बंजी टाकीला पुढे ओढते. बंजीचं मूळ पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध, उंचावर पाहिजे. तिथून ती काखेखालून पुढे येते, व्हॉल्व्हच्या मानेला वळसा घेते आणि टाकीला वर व मागे खेचते. टाकी न लावता बंजी धरून पाहा : ताण न देता ती छातीच्या डी-रिंगपर्यंत (डी आकाराची कडी) जेमतेम पोचली पाहिजे. सैल असेल तर व्हॉल्व्ह लोंबणारच.

खालचा पट्टा, म्हणजे टाकीभोवती आवळायचा स्टेनलेसचा जुबिली क्लॅम्प, तुमच्या अंगाच्या मापाने लावायचा. टाकी बाजूला धरा, व्हॉल्व्ह काखेत, आणि कमरेची डी-रिंग जिथे येते तिथे क्लॅम्प. त्याखाली नायलॉनच्या दोरीने बोल्ट स्नॅप (अडकवायचा हूक) बांधा. दोरी आखूड ठेवा, दोन-तीन बोटं. लांब ठेवली की टाकी झुलते. क्लॅम्प आवळताना खाली रबराचा तुकडा घाला, नाहीतर ओल्या टाकीवर तो फिरतो.

आता बूड. या टाकीत २०० बार दाबाला २,२०० लिटरच्या वर हवा मावते, तिचं वजन अडीच किलोच्या पुढे जातं. ती संपत आली की टाकी पाण्यात हलकी होते. वरच्या टोकाला व्हॉल्व्ह-रेग्युलेटरचं वजन आहे, म्हणून उठतं ते बूडच. उपाय हार्नेसमध्ये नाही, हातात आहे : सुरुवातीला स्नॅप मागच्या पट्टीवर, आणि शंभर बारच्या आसपास तो काढून कमरेच्या पुढच्या डी-रिंगवर न्यायचा. म्हणून कमरेच्या पट्ट्यावर पुढे सरकणाऱ्या दोन डी-रिंग हव्यातच.

हार्नेस घेताना मला दिखाव्याच्या खिशांपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात : विंग पाठीवर खाली, कमरेकडे भरणारी, खांद्याचे पट्टे मापाने कापता येणारे, आणि दोन अॅल्युमिनियम टाक्यांना पुरेल एवढी उचल. गरम पाण्यात १४ ते १८ किलो भरपूर. एक्सडीप स्टेल्थ किंवा रेझरसारख्या साध्या रचनेची चालेल. ५ फूट ५ उंचीला पट्टे कापावे लागतील, पण आधी पाण्यात बसवून पाहा, मग कापा.

टाकी_पवनी
रेग्युलेटरचं कोणी विचारलंच नाही. दोन वेगळे पहिले टप्पे (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) लागतात, फिरत्या टरेटचे (नळ्या लावायचं फिरतं डोकं) असले तर होज, म्हणजे नळ्या, सरळ खाली उतरतात. उजव्या टाकीला २ मीटरची लांब होज, कारण हवा दुसऱ्याला द्यायची ती यातूनच. डाव्या टाकीला ६० सेंटिमीटरच्या आसपास, गळ्यात रबरात अडकवलेली. दाब दाखवणारे गेज दोन, १५ सेंटिमीटरच्या होजवर. विंग फुगवायची होज डावीकडून. टाक्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत हे विसरू नका : दर ३० ते ५० बारला तोंडातला रेग्युलेटर बदला. नाहीतर एक बाजू हलकी होते आणि एखादा रेग्युलेटर बंद पडला तर उरलेली हवा कामाची नाही. जमत असेल तर यॉकचं डिन करा. यॉकचा स्क्रू काखेत टोचतो आणि दोऱ्यात अडकतो.

काळीमाती_यवतमाळ
हे वापरणार कुठे? ते अजून सांगितलंच नाही तुम्ही.

गोसेखुर्द_काठ
विहिरी. गावपातळीच्या शोधपथकात आहे. विहिरीच्या शिडीवरून पाठीवर टाकी घेऊन उतरता येत नाही, म्हणून साईडमाऊंट. टाक्या दोरीने वेगळ्या खाली सोडता येतील.

बेंबळा_रेस्क्यू
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं भाऊ. टाक्या वेगळ्या सोडण्याचा फायदा खरा आहे, पण विहिरीच्या शोधकामाला मी साईडमाऊंट सुचवणार नाही. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, दोन स्नॅप, दोन होज, वर बचावाची दोरी. सगळं एकमेकांत अडकतं. तिथे पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, छातीला बांधलेली दोरी, वर दोरी धरणारा माणूस आणि बाजूला तयार बसलेला दुसरा डायव्हर. अंगावर राखीव छोटी टाकी.

काळीमाती_यवतमाळ
साईडमाऊंट ब्रिटनमधल्या गुहांच्या पाण्यात, अरुंद आणि गढूळ जागेतच वाढलं. दिसत नाही म्हणून बाद करायचं कारण नाही.

बेंबळा_रेस्क्यू
गुहेत डायव्हर स्वतःची दोरी वाचत जातो. विहिरीत दोरीच्या खुणांनी वरचा माणूस त्याला हलवतो. कामच वेगळं. शिवाय पूर्ण मास्कला दोन टाक्या जोडायच्या तर मध्ये बदलायचा व्हॉल्व्ह-ब्लॉक लागतो, तो खर्च आणि सराव कोण करणार?

सगळ्यात महत्त्वाचं : जुन्या, बंद विहिरीत पाण्यावरची हवाच मारते. कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो, गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. कंदील सोडून बघण्याने ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं, हायड्रोजन सल्फाइड कळत नाही. गॅस मीटर सोडा. पाण्यावर आलात तरी रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही, काठावर ओढून घेईपर्यंत नाही. आणि मोटारीचा स्टार्टर बंद करून भागत नाही, खांबावरून लाईन तोडून घ्या. पाण्यात करंट असला तर वरच्या माणसालाही कळत नाही.

शेतकरी_धामणगाव
टाकी भरायचं काय? गावात कॉम्प्रेसर आहे, टायरचा. नाहीतर वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन.

टाकी_पवनी
दोन्ही नको, काका. टायरचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा, त्याने टाकी भरत नाही, आणि त्यातल्या तेलाची वाफ फुफ्फुसात जाते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी होतो, पाण्यातच आकडी येते. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणाहूनच भरा. अग्निशमन दलाकडे विचारा. टाकीवर पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरला मान्यता देणारं केंद्र सरकारचं खातं) मान्यता आहे का तेही बघा. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे मान्यतेशिवाय टाकी भरता येत नाही. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, विचारायला लांब जायचं नाही. परदेशातून स्वस्त टाकी मागवण्याआधी हे करा.

लोणार_मित्र
लोणार सरोवरात डाइव्ह करता येते काय कोणाला माहीत? खारं पाणी आहे म्हणतात.

काळीमाती_यवतमाळ
लोणार अभयारण्य आहे, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आलं. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही नाही. वेगळा धागा काढा. पण बुलढाण्याकडच्यांनी एक लक्षात घ्या : समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरचं पाणी उंचीवरचं धरतात, डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये ती सोय आहे की नाही ते पाहा.

गोसेखुर्द_काठ
म्हणजे ऑर्डर टाकू की नको? हार्नेस सांगा ना.

बेंबळा_रेस्क्यू
विहिरीसाठी नको, ते पैसे गॅस मीटर आणि मास्कमध्ये घाला. साईडमाऊंट धरणाच्या, खाणीच्या स्वच्छ पाण्यासाठी शिकायचं तर शिका, पण आधी कोर्स. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या साईडमाऊंट कोर्सला ओपन वॉटर पुरतं. इन्स्ट्रक्टरला आधी विचारा की तो स्वतः साईडमाऊंटमध्ये शिकवतो का, आणि त्याची हार्नेस तुम्हाला घालू देईल का.

गोसेखुर्द_काठ
ठीक. जॅकेटची बंजी काढतो, ऑर्डर थांबवतो. गॅस मीटर कोणकोणते वायू दाखवणारा पाहिजे?

बेंबळा_रेस्क्यू
चार : ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर वेगळा मागावा लागतो, विहिरीसाठी तो घ्याच.